पाण्याचा कारभार आणि कारभारणी

ग्रामपंचायतींच्या निवडणुका जवळ आल्या की तालुक्याच्या गावी सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत निघते. भांड्यात चिठ्ठ्या टाकल्या जातात, एखाद्या लहान मुलाला पुढे बोलावले जाते आणि ते एकेक चिठ्ठी उचलून देते. कोणत्या गावचे सरपंचपद कोणत्या प्रवर्गाला आणि त्यातले कोणते महिलांना, हे तिथे ठरते. वर्षानुवर्षे गावकी सांभाळणाऱ्यांचे आडाखे त्या एका चिठ्ठीने मोडतात. जिचे नाव कालपर्यंत रेशनकार्डावर आणि बचत गटाच्या वहीतच होते, अशी एखादी बाई पाच वर्षांसाठी गावाची प्रमुख होण्याच्या वाटेवर येते.

त्या चिठ्ठीनंतर गावात काय घडते, हा या पुस्तकाचा विषय आहे. तो तपासण्यासाठी शाळा, रस्ते, घरकुले असे काहीही निवडता आले असते. इथे पिण्याचे पाणी निवडले आहे, त्याला कारण आहे. गावाच्या कारभारातली दुसरी कोणतीही गोष्ट रोज आणि प्रत्येक घरात पोचत नाही. रस्ता एकदा झाला की चार वर्षे त्याकडे कोणी पाहिले नाही तरी निभावते. पाणी दोन दिवस चुकले तर गाव ग्रामपंचायतीच्या दारात येऊन उभे राहते. आणि चुकलेल्या पाण्याची भरपाई घरातली बाई आपल्या वेळातून करते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९च्या वेळवापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे या विनामोबदला कामात घालवतात असे दिसले; पुरुषांची सरासरी ९७ मिनिटांची होती. नळ बंद पडतो तेव्हा ओझे वाढते ते या २९९ मिनिटांच्या बाजूला. म्हणून गावाच्या सत्तेत बाईला खरा वाटा मिळाला की नाही, हे पाण्याच्या कारभारात जितके स्पष्ट दिसते तितके दुसरीकडे कुठे दिसत नाही.

बाई प्रमुख झाली म्हणून पाण्यात फरक पडतो का, हा प्रश्न पहिल्यांदा नीट मोजून पाहिला तो राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो या अर्थशास्त्रज्ञांनी. पश्चिम बंगालमधला बीरभूम आणि राजस्थानातला उदयपूर या दोन जिल्ह्यांतल्या २६५ पंचायतींचा त्यांचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रमुखपद कोणत्या पंचायतीत राखीव राहणार हे तिथेही आळीपाळीने, गावाच्या पसंतीशी संबंध न ठेवता ठरत होते. त्यामुळे राखीव आणि खुल्या पंचायतींची तुलना सरळ करता आली. बायका पंचायतीकडे कशाची तक्रार नेतात आणि पुरुष कशाची, हेही त्यांनी नोंदवले. दोन्ही जिल्ह्यांत बायकांच्या मागण्यांमध्ये पिण्याचे पाणी ठळक होते. आणि दोन्ही जिल्ह्यांत, जिथे प्रमुखपद बाईकडे होते तिथे पाण्याच्या कामांवर जास्त खर्च झाला. राजस्थानात पुरुषांना रस्ते अधिक हवे होते. तिथल्या महिला प्रमुखांनी रस्त्यांवर कमी आणि पाण्यावर जास्त खर्च केला. यातल्या बहुतेक बायका पहिल्यांदाच निवडून आलेल्या, कमी शिकलेल्या होत्या. नवऱ्याच्या सांगण्यावरूनच त्या वागतात, असे त्यांच्याबद्दल सर्रास बोलले जात होते. तरीही पैसा कुठे वळला याचे उत्तर आकड्यांत उमटले.

महाराष्ट्राला हा निष्कर्ष नवा वाटू नये. पाणी आणि सार्वजनिक अधिकार यांचे नाते इथे फार आधी मांडले गेले आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांसाठी खुला केला. १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला आणि सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत असे सरकारी धोरण ठरले. १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेने त्याला धरून चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तो ठराव तीन वर्षे कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि हजारो सत्याग्रही तळ्यावर गेले, तेव्हा त्या ठरावाला अर्थ आला. आणि तळ्यावरून झालेल्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ साल उजाडले. स्थानिक संस्थेने ठराव करणे आणि पाणी ओंजळीत येणे यांत किती अंतर असते, हे महाडने दाखवून दिले. पुढच्या सगळ्या पानांवर वाचकाला हेच अंतर वेगवेगळ्या रूपांत भेटेल.

शहरात हे अंतर कापण्याचे काम मृणाल गोरे यांनी केले. गोरेगावच्या वस्त्यांमध्ये पाण्यासाठी बायकांना संघटित करत त्या १९६१ मध्ये मुंबई महानगरपालिकेत निवडून आल्या. लोकांनी त्यांना ‘पाणीवाली बाई’ हे नाव दिले आणि १९७७ मध्ये लोकसभेतही पाठवले. त्यांच्या कामाची रीत आजही उपयोगाची आहे. हंडे घेऊन मोर्चा काढणाऱ्या बायकांना त्यांनी पालिकेच्या कामाची माहिती करून दिली आणि रस्त्यावरचा आवाज सभागृहाच्या कामकाजात नेला. मोर्चा आणि पद यांतले एकच निवडावे लागते, हा समज त्यांनी खोटा ठरवला.

गावात हेच वेगळ्या तऱ्हेने घडले. पुणे जिल्ह्यातल्या निंबूतमध्ये १९६३ साली सर्व महिलांची ग्रामपंचायत आली. तेव्हा महिलांसाठी आरक्षणाचे कलम संविधानात येण्याला तीस वर्षे अवकाश होता. शेतकरी संघटनेच्या १९८६च्या चांदवड येथील महिला अधिवेशनानंतर ग्रामपंचायतींत सबंध महिलांची पॅनेल उभी करण्याचा विचार जोर धरू लागला. १९८९ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरसारख्या गावांत ती निवडून आली. पुण्याच्या ‘आलोचना’ या केंद्राने अशा पंचायतींचा अभ्यास केला आणि बिशाखा दत्ता यांनी संपादित केलेले त्यावरचे इंग्रजी पुस्तक १९९८ मध्ये निघाले. मग चपात्या कोण करणार, असा प्रश्नच त्या पुस्तकाचे शीर्षक आहे. निवडून आलेल्या बाईला घरातून, गल्लीतून आणि सभेतून विचारला जाणारा हा प्रश्न आजही संपलेला नाही.

कायद्याची वाट सर्वांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. महाराष्ट्राने १९९० मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांसाठी ३० टक्के जागा राखल्या. ७३वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली आणि एक-तृतीयांश जागा संविधानाने पक्क्या केल्या. २०११ मध्ये राज्याने हे प्रमाण निम्म्यावर नेले. त्याच घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवायच्या २९ विषयांत पिण्याचे पाणी आहे. म्हणजे बाई आणि पाणी दोघेही एकाच दाराने पंचायतीत आले.

पाण्याच्या योजना मात्र त्या दाराने बऱ्याच उशिरा आल्या. १९७२च्या दुष्काळानंतर गावोगाव विंधनविहिरी झाल्या, हापसे बसले, पुढे नळयोजना आल्या. पण विहीर कुठे घ्यायची, टाकी कुठे बांधायची, हे वरून ठरायचे. गाव फक्त लाभार्थी होते. २००० सालापासून राज्याने मागणीनुसार योजना हे धोरण स्वीकारले: गावाने मागणी करायची, खर्चाचा दहा टक्के वाटा उचलायचा आणि योजना स्वतः चालवायची. २००३ मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्याने सुरू झालेल्या जलस्वराज्य प्रकल्पाने गावची पाणीपुरवठा व स्वच्छता समिती, महिलांची वेगळी समिती आणि सामाजिक लेखापरीक्षण समिती अशी रचना गावात आणली. ग्रामसभेच्या आधी महिलांची ग्रामसभा घ्यायची, हा नियम याच काळात लोकांच्या परिचयाचा झाला. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या जल जीवन मिशनने माणशी रोज ५५ लिटर पाणी घरातल्या नळाला देण्याचे उद्दिष्ट ठेवले. पाणी समितीत निम्म्या महिला असाव्यात आणि प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासण्याचे प्रशिक्षण द्यावे, असेही त्यात सांगितले आहे. २०२२ मध्ये गोवा हे ‘हर घर जल’ म्हणून प्रमाणित झालेले देशातले पहिले राज्य ठरले. देशभरासाठी ठरवलेली २०२४ची मुदत पुढे २०२८पर्यंत वाढवावी लागली. नळ बसवण्यापेक्षा तो चालू ठेवणे अवघड असते, आणि तेच काम गावाचे आहे.

हे काम म्हणजे नेमके काय, हे जाणल्याशिवाय या पुस्तकातला एकही लेख पुरता समजणार नाही. उद्भव विहिरीतून पंपाने उपसलेले पाणी जलकुंभात चढते, तिथून वितरणाच्या नळांत उतरते आणि ठिकठिकाणी बसवलेले व्हॉल्व्ह फिरवून ते एकेका आळीला, वस्तीला सोडले जाते. व्हॉल्व्ह कधी आणि किती वेळ उघडायचा, हे पाणी सोडणारा माणूस ठरवतो. टाकीत टीसीएल पावडर रोज पडते की नाही आणि पडली तर ती ताजी आहे की महिनोन्महिने उघड्या पोत्यात पडून निकामी झालेली, यावर गावात पावसाळ्यात जुलाबाची साथ येणार की नाही हे अवलंबून असते. टोकाच्या घरच्या नळाला ओटी चाचणी घेऊन पाणी पिवळे होते का पाहिले की हे कळते. त्याला फार शिक्षण लागत नाही. आरोग्य खाते पावसाळ्याआधी आणि नंतर पाणवठ्यांची पाहणी करून ग्रामपंचायतीला हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड देते. ते कार्ड कोणत्या रंगाचे आले, हे गावातल्या प्रत्येक बाईला माहीत असायला हवे. मग येते पंपाचे वीजबिल. पाणीपट्टी वसूल झाली नाही की बिल थकते, बिल थकले की जोडणी तुटते आणि कोट्यवधींची योजना एका थकबाकीपायी बंद पडते. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळातल्या निधीतला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छता यांच्यासाठीच बांधून दिलेला होता. तो कशावर खर्च झाला, हा प्रश्न ग्रामसभेत कोणालाही विचारता येतो.

या यादीत सत्ता कुठे आहे ते पाहा. ती व्हॉल्व्हच्या वेळापत्रकात आहे, पाणीपट्टीच्या वहीत आहे, धनादेशावरच्या सहीत आहे आणि ठेकेदाराच्या कामाचे माप घेण्यात आहे. उद्भव विहिरीशेजारी कोणी नवी विंधनविहीर घेत असेल तर त्याला अडवण्यात ती सगळ्यात जास्त आहे. सार्वजनिक पाणवठ्यापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर १९९३च्या भूजल कायद्याने निर्बंध घातले. पण बागायतदाराच्या बांधावर जाऊन त्याला कायदा सांगायला धैर्य लागते. बाईला समितीत घेतले आणि हे पाचही अधिकार दुसऱ्यांकडेच राहिले, तर तिच्याकडे उरते ते फक्त पाणी भरणे आणि पाण्याबद्दलच्या शिव्या खाणे.

असे होऊ नये यासाठी ज्या अडचणी ओलांडाव्या लागतात, त्यांची चर्चा पुस्तकात विस्ताराने आहे. सरपंचपतीचा प्रश्न त्यांतला सगळ्यांना ठाऊक असलेला. खुर्चीवर बाईचे नाव आणि कारभार नवऱ्याचा, ही तक्रार देशभर इतकी आहे की केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाने २०२३ मध्ये त्यावर समिती नेमली, आणि तिने अशा प्रतिनिधिगिरीला कठोर दंडाची शिफारस केली. दंड हवाच, पण बाईला हिशेब वाचता येणे, अंदाजपत्रक समजणे आणि गावातल्या इतर बायका तिच्या पाठीशी उभ्या असणे हे त्याहून अधिक गरजेचे आहे. २००० सालापासून काम करणाऱ्या महिला राजसत्ता आंदोलनाने नेमका हाच भाग उचलला: निवडून आलेल्या बायकांना एकमेकींशी जोडणे.

दुसरी अडचण अधिक कठोर आहे. जी बाई स्वतः कारभार करू लागते, तिला पदावरून काढण्याचे प्रयत्न सुरू होतात. अविश्वास ठराव येतो, अतिक्रमणाची, अपत्यांच्या संख्येची, थकबाकीची तक्रार उकरली जाते. जळगाव जिल्ह्यातल्या विचखेडा गावच्या महिला सरपंचांना सासूसोबत सरकारी जागेवरच्या घरात राहत असल्याच्या आरोपावरून अपात्र ठरवले होते. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला आणि निवडून आलेल्या स्त्रीला पदावरून काढणे हा किरकोळ विषय समजता येणार नाही, अशा अर्थाची स्पष्ट जाणीव प्रशासनाला दिली. दिल्लीपर्यंत लढण्याची ताकद प्रत्येकीकडे नसते. म्हणून तालुक्याच्या पातळीवरच तिला न्याय मिळावा लागेल.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि तिच्याबद्दल फार कमी बोलले जाते. पाणी हे बायकांचेच काम, म्हणून पाणी समितीत बायका हव्यात, असा युक्तिवाद सरकारी पत्रकांत आणि संस्थांच्या अहवालांत वारंवार येतो. तो ऐकायला बाईच्या बाजूचा वाटतो, पण त्यातून घरातले जुने ओझे गावाच्या पातळीवर पुन्हा तिच्याच डोक्यावर येते. पाणी तपासणाऱ्या पाच जणी, घरोघर जाऊन पाणीपट्टी भरा म्हणून सांगणाऱ्या, गळती कळवणाऱ्या: ही बरीचशी कामे स्वयंसेवा म्हणून बायकांकडे येतात. पंप चालवणारा, पाणी सोडणारा, दुरुस्ती करणारा पगारी माणूस मात्र बहुतेक गावांत पुरुषच असतो. सेवा बाईची आणि पगार पुरुषाचा, ही वाटणी बदलल्याशिवाय समितीतल्या निम्म्या जागांना अर्थ नाही. पंप आणि व्हॉल्व्हचे काम बायकांना शिकवले पाहिजे, आणि त्या शिकल्या की त्या कामाचे पैसेही त्यांना मिळाले पाहिजेत.

याच कारणाने शेतीच्या पाण्याकडेही पाहायला हवे. २००५च्या सिंचन व्यवस्थापन कायद्याने पाणी वापर संस्थांच्या संचालक मंडळांत महिलांसाठी जागा ठेवल्या. पण सभासद व्हायला लाभक्षेत्रात जमीन लागते, आणि सातबाऱ्यावर बाईचे नाव क्वचित असते. पुण्याच्या ‘सोपेकॉम’सारख्या संस्थेने हा मुद्दा सातत्याने मांडला आहे. पिण्याच्या पाण्यात बाईला बोलवायचे आणि उसाच्या पाण्याची चर्चा सुरू झाली की तिला बाजूला ठेवायचे, हे चालणार नाही. कारण उन्हाळ्यात उद्भव विहीर कोरडी पडते ती बऱ्याचदा शेजारच्या उपशामुळे. विलासराव साळुंखे यांनी १९७०च्या दशकात पुरंदर तालुक्यातल्या नायगावी पाणी पंचायतीची सुरुवात केली, तेव्हा भूमिहीनांनाही पाण्यात वाटा दिला होता. पाण्याचा हक्क जमिनीपासून सोडवता येतो, याचा तो पुरावा आहे.

आणि ‘बाई’ म्हणताना सगळ्या बायका एकसारख्या धरू नयेत. गावठाणातल्या नळाला पाणी येते आणि दलित वस्तीच्या नळाला दाब मिळत नाही, तेव्हा दोन्हीकडच्या बायकांचा प्रश्न एक राहत नाही. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात तानसा आणि भातसा ही मुंबईची तहान भागवणारी धरणे आहेत. त्याच तालुक्यातल्या आदिवासी पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. तिथल्या बाईला तिच्या सरपंचाकडून मिळण्यासारखे थोडे आहे. तिचे भांडण महानगराच्या वाटणीशी आहे. पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या पाड्याला स्वतःची ग्रामसभा घेण्याचा मार्ग दिला आहे. त्या ग्रामसभेत पाड्यातल्या बायका काय ठरवतात, इकडे लक्ष देणे हे शहरातल्या नळाचे पाणी पिणाऱ्या वाचकाचेही कर्तव्य आहे.

पुस्तकाची मांडणी सरळ आहे. आधी कायदा आणि इतिहास, मग गावची योजना चालते कशी याची सविस्तर माहिती, आणि शेवटी कारभार करणाऱ्या बायकांचे स्वतःच्या शब्दांतले अनुभव. अभ्यासकांनी शेवटापासून वाचायला सुरुवात करावी, असे मी सुचवीन. नव्याने निवडून आलेल्या भगिनींनी मधल्या भागापासून.

त्या भगिनींना माझे एवढेच सांगणे आहे. पदभार घेतल्यावर पहिल्या महिन्यात सत्काराला कमी वेळ द्या आणि चार गोष्टी मागून घ्या: पाणीपट्टीची वही, वीजबिलाची थकबाकी, पाणी तपासणीचा शेवटचा अहवाल आणि व्हॉल्व्ह उघडण्याचे वेळापत्रक. ते वेळापत्रक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावा. महिला ग्रामसभेत या चारही गोष्टी वाचून दाखवा आणि तिथला ठराव मुख्य ग्रामसभेच्या इतिवृत्तात लिहिला गेला का, ते स्वतः वाचून मगच सही करा. ग्रामसेवकांनी आणि अधिकाऱ्यांनी सरपंचांशीच बोलावे, त्यांच्या घरच्या माणसाशी नव्हे. आणि गावातल्या पुरुषांनी निदान ग्रामसभेच्या दिवशी घरची कामे आपल्याकडे घेऊन बायकांना सभेला येऊ द्यावे. आरक्षणाने बाईला खुर्ची मिळाली. पाण्याचा कारभार मात्र तिला मागून आणि शिकून घ्यावा लागेल, आणि तो तिच्या हाती देणे हे उरलेल्या गावाचे काम आहे.